ती शस्त्रक्रिया ‘ऐच्छिक’ नव्हती

प्रति,
रुग्णालयांचे संचालक आणि अधीक्षक, आरोग्य खात्यांतले नियोजन अधिकारी, आणि पुढच्या महामारीचे आराखडे सध्या ज्यांच्या टेबलावर आहेत ते सर्वजण

विषय: महामारीत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया स्थगित करण्याच्या कलमाबाबत हरकत

महोदय, महोदया,

माझ्या थोरल्या भावावर ज्या रुग्णालयात उपचार झाले, तिथल्या ‘महामारी सज्जता आराखड्या’चा मसुदा गेल्या महिन्यात हरकतींसाठी खुला झाला. ६४ पानं आहेत. मी सगळी वाचली. प्राणवायूच्या टाक्या, वाढीव खाटा, मास्कचा साठा, शवागाराची क्षमता, पत्रकारांशी कोणी बोलायचं, सगळं त्यात आहे. मग मी त्यात ‘कर्करोग’ हा शब्द शोधला. एकदाही नाही. ४१व्या पानावर एवढी एक ओळ मात्र सापडली: ‘रुग्णसंख्या वाढल्यास सर्व ऐच्छिक शस्त्रक्रिया पुढील आदेशापर्यंत स्थगित करण्यात येतील.’

ही ओळ मला पाठ आहे. एप्रिल २०२१ मध्ये ती एका वॉर्डच्या दारावर चिकटवलेली मी वाचली होती. काना-मात्रेचाही फरक नाही. मधल्या वर्षांत जगाने जे काही शिकलं, त्यातलं काहीच या ओळीपर्यंत पोचलेलं नाही, म्हणून हे पत्र. ते एका रुग्णालयाच्या निमित्ताने लिहिलंय, पण अशी ओळ ज्यांच्या ज्यांच्या आराखड्यात असेल त्या सगळ्यांसाठी आहे. नावं घेत नाही. मला कोणाला उभं करून जाब विचारायचा नाहीये, मला ती ओळ बदलून हवी आहे.

आधी माझा या सगळ्याशी संबंध काय ते सांगते.

दादाला गुदाशयाचा कर्करोग होता. निदान डिसेंबर २०२० मध्ये झालं. आधी २५ दिवस किरणोपचार, सोबत केमोथेरपीच्या गोळ्या, मग आठ-नऊ आठवडे थांबून शस्त्रक्रिया, असा बेत डॉक्टरांनी कागदावर रेघ ओढून समजावला होता. ते थांबणं हासुद्धा उपचाराचाच भाग असतो. किरणांचा परिणाम पुरता व्हायला आणि गाठ आकसायला तेवढा वेळ द्यावा लागतो. गाठ आकसलीही. एमआरआय पाहून सर्जन म्हणाले, गुदद्वाराचा स्नायू वाचवता येईल. शौचासाठी पोटावर पिशवी लागेल, पण तात्पुरती. काही महिन्यांनी काढून टाकू.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दादा दाखल झाला. पोट साफ करायचं द्रावण पिऊन झालं, रक्त जुळवून ठेवलं गेलं. संध्याकाळी स्टोमाची, म्हणजे पिशवीसाठी पोटावर करायच्या छिद्राची, सिस्टर आली. तिने दादाला उभं केलं, बसवलं, पुढे वाकायला लावलं, पोटाला वळ्या कुठे पडतात आणि पँटचा पट्टा कुठे येतो ते पाहिलं, आणि बेंबीच्या उजव्या अंगाला, जराशी खाली, काळ्या मार्करने एक गोल काढला. पिशवी इथे येणार. ‘उद्यापर्यंत पुसू देऊ नका हं,’ म्हणाली. ती गेल्यावर तासाभरात वॉर्ड रिकामा करायचा आदेश आला. वॉर्ड कोविडसाठी हवा होता.

दादा घरी आला तो मनगटावरचा पट्टा आणि पोटावरचा गोल घेऊन. दुसऱ्या दिवशी आंघोळीला जाताना त्याने त्या गोलावर प्लॅस्टिकचा तुकडा चिकटपट्टीने लावला. फोन कधीही येईल, तेव्हा खूण असायला हवी, असं त्याचं म्हणणं. आठवडाभराने रंग फिका पडायला लागला तशी वहिनी रात्री झोपण्याआधी तो गोल पुन्हा गिरवायला लागली. पाचव्या आठवड्यात कधीतरी तिने मार्कर ड्रॉवरमध्ये टाकून दिला. मी काही विचारलं नाही.

फोन अकराव्या आठवड्यात आला. नव्या एमआरआयमध्ये गाठ खालच्या अंगाला वाढून स्नायूत शिरलेली दिसली. यकृतात दोन डाग होते, जे फेब्रुवारीच्या तपासणीत दिसले नव्हते. गाठीने मार्ग बंद होत चालला होता म्हणून शस्त्रक्रिया केलीच. किरणोपचारानंतर इतके आठवडे गेल्याने आतले थर एकमेकांना चिकटले होते. साडेसात तास लागले. पिशवी कायमची आली, आणि आली ती डाव्या बाजूला. उजवीकडची ती जागा कुणाच्याच कामी आली नाही.

दादा त्यानंतर १९ महिने जगला.

यकृतातले डाग आधीच बारीक रूपात होते आणि दिसत नव्हते, की त्या अकरा आठवड्यांत उगवले, हे कोणीही छातीठोक सांगू शकणार नाही. मीही सांगत नाही. वेळेवर शस्त्रक्रिया होऊनही कदाचित हेच घडलं असतं. हे ‘कदाचित’ घेऊन आमचं घर जगतं. तुमच्या कुठल्याही नोंदीत ते नाही.

आता तुमची बाजू. ती मला कळत नाही असं नाही.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं, तेव्हाच्या पहिल्या काही आठवड्यांत शस्त्रक्रिया थांबवण्याला कारण होतं. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २४ देशांतल्या १,१२८ रुग्णांचा अभ्यास आला. शस्त्रक्रियेच्या सुमारास कोविड झालेल्या या रुग्णांपैकी जवळजवळ २४ टक्के तीस दिवसांत दगावले होते, आणि निम्म्यांहून अधिक जणांना फुफ्फुसाचा त्रास झाला होता. त्यात तातडीच्या शस्त्रक्रिया बऱ्याच होत्या हे खरं, तरी असा आकडा समोर असताना कोणता सर्जन निश्चिंतपणे सुरी हातात घेईल? त्यातून कर्करोगाच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती उपचारांनी आधीच खचलेली असते.

शिवाय ऑपरेशन थिएटर म्हणजे काही नुसती खोली नव्हे, हेही मला आता समजलं आहे. भूलतज्ज्ञ हाच श्वासनलिकेत नळी घालणारा सर्वांत सरावलेला हात, म्हणून लाट आली की पहिला तोच अतिदक्षता विभागात ओढला जातो. भुलीची यंत्रं व्हेंटिलेटर म्हणून वापरली गेली. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला ठेवायच्या खोल्या अतिदक्षता कक्ष झाल्या. थिएटरच्या परिचारिका कोविड वॉर्डात गेल्या. कचेऱ्या-कॉलेजं बंद, म्हणून रक्तदान शिबिरं बंद, म्हणून रक्तपेढ्या कोरड्या. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर एखादी रात्र तरी अतिदक्षतेतली खाट लागते, ती कुठून आणायची? हे सगळं मान्य आहे. मार्च-एप्रिल २०२० बद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार एप्रिल २०२१ बद्दल आहे. मधल्या वर्षात पुष्कळ काही कळलेलं होतं, छापूनही आलेलं होतं, आणि तरी दारावर कागद तोच लागला.

पहिलं गाऱ्हाणं त्या शब्दाचं. ते तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण माझ्या मते बाकीची निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात. वैद्यकीय बोलीत ‘इलेक्टिव्ह’ म्हणजे तारीख ठरवून केलेली शस्त्रक्रिया. अपघातात फुटलेली प्लीहा काढायची ती तातडीची, बाकी जवळजवळ सगळ्या इलेक्टिव्ह. म्हणजे नाकाचं वाकडं हाड सरळ करायचं तेही इलेक्टिव्ह आणि स्तनाची, आतड्याची, जबड्याची गाठ काढायची तीही इलेक्टिव्ह. डॉक्टरांना त्यातला फरक उपजत कळतो. पण आदेश डॉक्टर काढत नाहीत, प्रशासन काढतं, आणि प्रशासनाने त्या शब्दाचं मराठी केलं ‘ऐच्छिक’. शाळेत ऐच्छिक विषय असायचा, घेतला तर घेतला. मराठीत ‘नियोजित’ हा चांगला, नेमका शब्द पडून आहे, तो कोणाला सुचला नाही. त्या दिवसांत एका नातेवाइकाने वहिनीला फोनवर विचारलं, ‘ऐच्छिकच आहे ना, मग एवढी घाई कशाला करता?’ वहिनीकडे उत्तर नव्हतं. रुग्णालयाचाच शिक्का होता त्या कागदावर.

दुसरं. सगळे कर्करोग एका मापाने मोजले गेले. काही कर्करोग खरोखर थांबू शकतात. थायरॉईडच्या बऱ्याचशा लहान गाठी, प्रोस्टेटचे कमी जोखमीचे प्रकार काही महिने नजरेखाली ठेवले तरी चालतं. हार्मोनला दाद देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया लांबली तर मधल्या काळात गोळ्या देऊन गाठ दाबून धरता येते. याउलट आतड्याचा मार्ग बंद करू पाहणारी गाठ, तोंडातली भराभर वाढणारी गाठ, स्वादुपिंडाची गाठ, यांना आठवडेसुद्धा परवडत नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात सात प्रकारच्या कर्करोगांवरच्या ३४ अभ्यासांची एकत्र छाननी आली. शस्त्रक्रियेला चार आठवड्यांचा उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, आणि उशीर वाढेल तसा धोकाही वाढत जातो, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे कोणाला थांबवायचं आणि कोणाला नाही, हे रुग्णागणिक ठरवायला हवं होतं. सर्जन, कर्करोगतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ यांनी बसून यादी लावायची, दर दोन आठवड्यांनी तीच यादी पुन्हा तपासायची, कारण आज थांबू शकणारा रुग्ण महिन्याने थांबू शकत नाही. काही ठिकाणी हे झालं. दादाच्या बाबतीत झालं नाही, कारण दारावरच्या कागदाने सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं होतं आणि ती रांग पुढे सरकतच नव्हती.

तिसरं, आणि हे मला सर्वांत जास्त खुपतं. मार्ग सापडलेला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये ५५ देशांतल्या ९,१७१ कर्करोग रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांनी शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा रस्ता कोविडपासून पूर्ण वेगळा ठेवला, म्हणजे थिएटर, अतिदक्षता विभाग आणि वॉर्ड ही तिन्ही ठिकाणं वेगळी, तिथे शस्त्रक्रियेनंतर फुफ्फुसाची गुंतागुंत २.२ टक्के रुग्णांत झाली. जिथे वेगळा रस्ता नव्हता तिथे ४.९ टक्के. निम्म्याहून कमी. आणि त्याही आधी, पहिल्याच लाटेत, मुंबईच्या टाटा मेमोरियलने २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात कर्करोगाच्या ४९४ मोठ्या नियोजित शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांत शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही, हे त्यांनी लिहून छापलं. ते खास कर्करोगाचंच रुग्णालय, त्यांना सोपं गेलं, असं तुम्ही म्हणाल. बरं, मान्य. पण मग एका शहरातल्या चार रुग्णालयांनी मिळून एक इमारत कर्करोगासाठी राखून ठेवायला काय हरकत होती? दादाच्या रुग्णालयाला दोन इमारती होत्या. दोन प्रवेशद्वारं होती. एप्रिलमध्ये दोन्हींतून एकच रांग आत जात होती.

चौथं: तारीख नाही, कारण नाही, माणूस नाही. वहिनीने एक वही केली होती. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, पलीकडून कोण बोललं, काय म्हणालं. अकरा आठवड्यांत २७ फोन. पलीकडे १४ वेगवेगळे आवाज. ‘यादी वरून आली की कळवू.’ ‘ओपीडी सुरू झाली की या.’ ‘तुमची फाईल दुसऱ्या मजल्यावर गेलीय.’ एका भल्या मुलाने तर ‘काकू, मी नवीन आहे, मला खरंच माहीत नाही’ असं सरळ सांगितलं, आणि वहिनीने त्या नोंदीपुढे ‘खरं बोलला’ असं लिहून ठेवलंय. एप्रिलमधली तारीख रद्द करायचा निर्णय घेणारा कोणीतरी असेलच. पण नवी तारीख देणं हे कोणाचंच काम नव्हतं.

पाचवं. अंगावर गाठ घेऊन घरात बसलेल्या माणसाची मधल्या काळातली चौकशी कोणी करायची? स्थगित म्हणजे उपचारच बंद, असं झालं. गुदाशयाच्या काही रुग्णांना पाच दिवसांचे छोटे किरणोपचार देऊन शस्त्रक्रिया पुढे नेण्याची वाट त्या काळात अनेक ठिकाणी वापरली गेली. दादाचे किरणोपचार आधीच झाले होते म्हणून ती वाट त्याच्यासाठी नव्हती. पण दर पंधरा दिवसांनी कोणी फोनवर तीन प्रश्न विचारले असते, शौचाला त्रास वाढलाय का, रक्त जातंय का, वजन किती, तर सातव्या आठवड्यातच कळलं असतं. सातव्या आठवड्यात त्याने पँटच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलं होतं.

सहावं गाऱ्हाणं त्यांच्या वतीने, जे दारापर्यंत आलेच नाहीत. भारतातल्या ४१ कर्करोग केंद्रांनी मार्च ते मे २०२० ची तुलना आदल्या वर्षाच्या त्याच तीन महिन्यांशी केली: नवीन रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली, मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी. रोग काही निम्म्याने कमी झाला नव्हता. माणसं घरी होती, बसगाड्या बंद होत्या, एंडोस्कोपी बंद होत्या, आणि ‘अगदीच गरज असेल तर या’ हे वाक्य लोकांनी प्रामाणिकपणे पाळलं. इंग्लंडमध्ये जुलै २०२० मध्ये अंदाज बांधला गेला की निदान लांबल्यामुळे स्तन, मोठं आतडं-गुदाशय, फुफ्फुस आणि अन्ननलिका या चार कर्करोगांत पाच वर्षांत ३,२९१ ते ३,६२१ जास्तीचे मृत्यू होतील. एका देशाचा, चार कर्करोगांचा हिशेब.

सातवं थोडक्यात. नातेवाइकांना बंदी असणं समजू शकतं, पण यकृतातल्या डागांची बातमी दादाला एकट्याने ऐकावी लागली. डॉक्टर मास्क आणि फेसशील्डच्या आडून बोलत होते. दादाने मला फोन लावून तो तसाच खिशात ठेवला होता, म्हणून ते वाक्य मी घरी बसून, खिशाच्या कापडाच्या सळसळीतून ऐकलं. पुढे पिशवी कशी बदलायची हे शिकवायला रुग्णालयात कोणी नव्हतं. तीच स्टोमाची सिस्टर कोविड वॉर्डात बदली झालेली होती. तिने ड्यूटी संपवून रात्री अकरा वाजता व्हिडिओ कॉलवर वहिनीला शिकवलं. तीन रात्री. तिच्या नाकावर मास्कचा वळ उठलेला दिसायचा. रुग्णालयांबद्दल मी एवढं लिहिते आहे तेव्हा हेही लिहायला हवं. माणसं कमी पडली नाहीत. तुमची व्यवस्था त्यांच्या रात्रींवर चालत होती.

आणि शेवटचं गाऱ्हाणं मोजदादीचं. रोज संध्याकाळी आकडे यायचे: बाधित किती, बरे किती, मृत किती, खाटा किती. स्थगित शस्त्रक्रिया किती, त्यांतल्या कर्करोगाच्या किती, हे सांगणारा रकाना नव्हता. शल्यविशारदांच्या एका जागतिक गटाने मे २०२० मध्येच अंदाज मांडला होता की सर्वांत बिकट बारा आठवड्यांत जगभर २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील, त्यांत सुमारे २३ लाख कर्करोगाच्या. त्याच गटाने पुढे ६१ देशांतल्या २०,००६ रुग्णांचा मागोवा घेतला. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कडक टाळेबंदीच्या भागांत दर सात रुग्णांमागे एकाची ठरलेली शस्त्रक्रिया झालीच नव्हती. हे आकडे डॉक्टरांनी स्वतःच्या वेळात, एकमेकांना ईमेल करून गोळा केले. मी हिशेबाच्या खात्यात २२ वर्षं काम केलं आहे. ज्याचा रकाना नसतो तो खर्च झालाच नाही असं धरलं जातं, हे मला कोणी शिकवायला नको. दादाच्या मृत्यूच्या दाखल्यावर कर्करोग आहे. अकरा आठवडे नाहीत.

५ मे २०२३ ला कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी महामारी कराराला मंजुरी दिली. म्हणजे पुढची महामारी येणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं आहे, आणि त्यासाठी कागदं तयार होत आहेत. माझ्या मागण्या त्या कागदांपुरत्याच आहेत. साध्या आहेत. बऱ्याचशांना पैसाही लागत नाही.

१. ‘ऐच्छिक’ हा शब्द आराखड्यातून काढा. ‘नियोजित’ लिहा, आणि नियोजित शस्त्रक्रियांच्या निकडीनुसार पायऱ्या करा. कर्करोगाची कोणती शस्त्रक्रिया किती आठवडे थांबू शकते, याचा तक्ता त्या त्या विषयाच्या डॉक्टरांकडून आताच, शांततेच्या काळात, लिहून घ्या. लाट अंगावर आल्यावर तो लिहिला जात नाही.

२. सरसकट स्थगितीचा अधिकार एका सहीच्या आदेशाला देऊ नका. कर्करोगाची शस्त्रक्रिया पुढे ढकलायची तर त्या रुग्णापुरता निर्णय, त्याचं लेखी कारण, निर्णय घेणाऱ्याचं नाव आणि फेरविचाराची तारीख, चारही गोष्टी रुग्णाच्या हातात पडल्या पाहिजेत. ‘पुढील आदेशापर्यंत’ ही काही तारीख नव्हे.

३. कोविडसारख्या साथीत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांसाठी वेगळा रस्ता कुठून कुठे जाईल ते नकाशावर आताच आखा. कोणतं दार, कोणतं थिएटर, अतिदक्षतेच्या कोणत्या खाटा, कोणता कर्मचारीवर्ग. एका रुग्णालयाला जमत नसेल तर शेजारच्यांशी करार करा, आणि रुग्ण तिकडे पाठवायचा तर त्याची फाईल, स्लाइड, स्कॅन कोण पोचवणार तेही त्यात लिहा. हे काम रुग्णाच्या बायकोचं नाही.

४. भूलतज्ज्ञ आणि थिएटरच्या परिचारिका यांतला काही भाग लाटेतही हलवायचा नाही, असं आधीच ठरवा. किती, ते तुम्ही ठरवा. शून्य नको, एवढंच.

५. थांबवलेल्या प्रत्येक रुग्णामागे एक ओळखीचा माणूस हवा. डॉक्टरच पाहिजे असं नाही, प्रशिक्षित परिचारिका चालेल. पंधरा दिवसांतून एकदा तिने फोन करायचा. फोन रुग्णाने करायचा नाही, तिने करायचा.

६. स्थगित शस्त्रक्रियांचा आकडा दर आठवड्याला जाहीर करा, कर्करोगाचा वेगळा. किती थांबल्या, किती झाल्या, वाट पाहताना किती जणांचा आजार पुढच्या पायरीला गेला. वाईट आकडे दिसतील. दिसू द्या.

७. अवघड बातमी देताना सोबत एक माणूस. पूर्ण संरक्षक पोशाखात, चाचणी करून, दहा मिनिटांपुरता का होईना.

संकटात शस्त्रक्रिया चालू ठेवण्याची रुग्णालयाची तयारी मोजायला २३ निकषांची एक पट्टी तयार आहे. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली, ११९ देशांतल्या १,६३२ रुग्णालयांनी स्वतःला तिच्यावर मोजून पाहिलं. तुम्हीही मोजा, आणि मिळतील ते गुण आराखड्याच्या पहिल्या पानावर छापा.

कोविडच्या रुग्णांपेक्षा कर्करोगाचा रुग्ण मोठा, असं माझं अजिबात म्हणणं नाही. दादाच्या वॉर्डात त्या रात्री जे आले त्यांनाही खाट हवीच होती. वॉर्ड सोडताना जिन्यात एका तरुण मुलाला स्ट्रेचरवरून वर नेत होते, त्याच्या आईने दादाकडे बघून हात जोडले, जणू त्याने खाट आपणहून दिली होती. दादा बाजूला सरकला. त्याला त्या मुलाबद्दल नंतरही कधी राग नव्हता. ‘जगला असेल ना गं तो?’ असं दोनदा तरी त्याने मला विचारलं.

मसुद्यावर हरकती घेण्याची मुदत या महिनाअखेरीपर्यंत आहे. हे पत्र ४१व्या पानावरच्या कलमाला लेखी हरकत म्हणून नोंदवून घ्यावं आणि आवक क्रमांक मला कळवावा. वहिनीची वही माझ्याकडे आहे. सुनावणी ठेवलीत तर घेऊन येईन. तिच्यात शेवटची चार पानं कोरी आहेत, तुमचं उत्तर तिथे लिहून ठेवू.

आपली,
एका रुग्णाची धाकटी बहीण